नाकासमोर नको! पवनीच्या घाटावर गोल्फचा क्लास

गोल्फमधला सगळ्यात अवघड शॉट कुठला, माहितीये? एकदम सरळ जाणारा! हे ज्ञान मला पुण्याच्या एखाद्या पॉश क्लबच्या हिरवळीवर मिळालं असतं तर शोभून दिसलं असतं. पण मिळालं कुठे, तर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, वैनगंगेच्या काठावर, हातात गरम भज्यांचा कागद धरून.

आता पवनीच का? कारण नागपूरला घरचं लग्न होतं, लग्नानंतरचा रविवार रिकामा होता आणि मॉलमध्ये जायची अजिबात इच्छा नव्हती. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत साधारण ऐंशी किलोमीटर. पूर्वी या बाजूला नॅरोगेजची डुलत जाणारी छोटी गाडी होती. ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशनही होतं. ब्रॉडगेज करायची म्हणून २०१९ मध्ये ती बंद झाली, त्यामुळे आम्ही आपले कारने. वाटेतल्या भिवापूरची लाल मिरची घ्यायला विसरू नका, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

पवनी म्हटलं की आजकाल लोकांना वाघ आठवतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं आणि तिथला ‘जय’ नावाचा धिप्पाड वाघ एखाद्या फिल्मस्टारइतका गाजला. २०१६ मध्ये तो जो गायब झाला तो झालाच. पण गाव स्वतः वाघापेक्षा फार जुनं! इतकी देवळं की ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. एका बाजूला नदी, बाकीच्या बाजूंना जुना तट आणि खंदक. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप सापडला. आपण अजिंठा-वेरूळच्या पुढे सहसा जातच नाही, हा आपला दोष. असो.

तर गोल्फ. माझा मावसभाऊ पुण्यात आयटीत आहे. क्लायंटबरोबर टाइमपास म्हणून खेळायला लागला आणि आता शनिवार-रविवार पहाटे पाचला उठतो (शाळेत असताना मावशी पाणी मारून उठवायची). वैजेश्वर घाटावर आम्ही टेकलो आणि मी सहज विचारलं, ‘‘दादा, टीव्हीवर ते लोक मुद्दाम बॉल वळवतात ते कशाला? शायनिंग मारायला?’’

झालं! दादाने एक काडी उचलली आणि वाळूत नकाशा काढायला सुरुवात केली.

‘‘समज, ही तीस मीटर रुंदीची हिरवी पट्टी. फेअरवे. दोन्हीकडे झाडं. तू बरोब्बर मधे नेम धरलास, तर चुकायला डावीकडे पंधरा मीटर आणि उजवीकडे पंधरा मीटर. बरोबर? आणि सरळ मारायला गेलीस की बॉल कुठल्या बाजूला चुकेल याची गॅरंटी नाही. आता मला खात्री आहे की माझा बॉल नेहमी थोडा उजवीकडे वळतो. मग मी नेम धरणार डाव्या कडेवर. ठरल्याप्रमाणे वळला तर मधोमध. सरळच गेला तरी डाव्या कडेला, पण पट्टीवरच. जास्त वळला तरी उजवीकडे जागा आहेच. चुकायला पूर्ण तीस मीटर मिळाले की नाही?’’

मंडळी, मला गणितात काठावर पास व्हायची सवय, पण हे पटलं. म्हणजे वळवणं ही हौस नाही. आपण कुठल्या बाजूला चुकणार हे आधीच ठरवून ठेवणं आहे!

बाकीची कारणंही आहेत. मधे झाड आलं, रस्ताच कोपऱ्यात वळला, वारा आडवा आला, किंवा झेंडा वाळूच्या खड्ड्यामागे लपवलेला असला, तर सरळ जाऊन उपयोग नसतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावीकडून उजवीकडे वळणारा बॉल म्हणजे ‘फेड’. तो सहसा उंच जातो आणि पडल्यावर लवकर थांबतो. उलटा वळतो तो ‘ड्रॉ’. तो पडल्यावर जास्त घरंगळतो. जॅक निकलस हा फेडवाला, हे दादाने अशा आदराने सांगितलं जणू घराण्याची गायकी सांगतोय. आणि बब्बा वॉटसन! २०१२ च्या मास्टर्समध्ये प्ले-ऑफच्या दुसऱ्या होलवर हा डावखुरा थेट झाडीत अडकला होता. तिथून त्याने बॉल असा काही वळवला की तो ग्रीनवर येऊन बसला आणि स्पर्धा खिशात. यूट्यूबवर जरूर बघा.

वळतो कसा? क्लबचं तोंड एकीकडे आणि क्लबची वाट जरा दुसरीकडे असली की बॉलच्या गिरकीचा आस कलतो. बॉल निघतो साधारण तोंडाच्या दिशेने आणि मग गिरकीमुळे हवा त्याला बाजूला ढकलते. याला नाव आहे मॅग्नस इफेक्ट. एकोणिसाव्या शतकातले हे जर्मन शास्त्रज्ञ तोफेचे गोळे वाकडे का जातात ते शोधत होते. मी म्हटलं, म्हणजे आपल्या उमेश यादवचा आउटस्विंग? दादा म्हणाला, नाही गं, तिथे शिवण आणि चकाकी काम करते, इथे गिरकी. पण बॅट्समनचं तोंड दोन्हीकडे सारखंच पडतं.

मग आम्ही डोंग्यात बसलो. पलीकडे जायचं म्हणून. डोंगेवाले काका साठीचे असावेत. समोरच्या काठावरचं एक झाड दाखवून म्हणाले, तिथं उतरायचं. आणि डोंगा वळवला भलतीकडेच, प्रवाहाच्या वरच्या अंगाला! दादाने माझ्याकडे बघितलं.

‘‘काका, झाड तर तिकडे आहे ना?’’

‘‘नाकासमोर जासान तं खालतं उतरसान भाऊ. पानी नेते नं.’’

काठाजवळ पाणी संथ होतं, तिथे डोंगा वर सरकला. मधल्या धारेत पाण्याने त्याला खाली ओढलं. पलीकडे पुन्हा थोडं वर. दादाच्या वाळूतल्या रेघेपेक्षा जास्त वळणाची वाट काढत आम्ही बरोबर झाडाखाली. फरक एकच, गोल्फर वळण स्वतः तयार करतो, काकांना ते नदी देते. आणि ही नदी स्वतःच्या मर्जीने वागत नाही. वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, १९८८ मध्ये राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली होती. तेहतीस दरवाजे. ते किती उघडले त्यावर पवनीच्या घाटावरचं पाणी ठरतं. ऑगस्ट २०२० मध्ये मध्य प्रदेशातून आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेकाठच्या गावांचं काय केलं, ते काकांनी घाटाच्या पायऱ्यांवर हात वर-वर नेत दाखवलं. दादाचा नेम चुकला तर स्कोअरकार्डवर एक आकडा वाढतो. इथे डोंग्यात माणसं असतात.

परतताना दादाने विचारलं, ‘‘काका, नेम किती वर धरायचा, हे कसं ठरवता?’’

‘‘पानी पाहून. आज त्या दगडावर. काल जराक खालतं होता.’’

‘‘आणि दरवाजे उघडल्यावर?’’

‘‘तवा घरी बसाचं.’’

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. डोंगा मिळेलच असं नाही, घाटावर विचारा. उन्हाळ्यात जाऊ नका, विदर्भ आहे हा! आणि दादाची रेघ शोधू नका, ती निघण्याआधीच दोन शेळ्यांनी पुसून टाकली होती.