गणवेशाचा रंग विचारलास म्हणून

गिरगाव, रविवार

चिरंजीव भाचेबुवा,

तुझं पत्र पोचलं. विचारलं आहेस ते एवढंच, की दादरच्या दुकानातल्या पोरांना शर्ट मरून द्यावा की गडद निळा. तुझ्या मामीचं मत निळा. पण पत्राला जोडून नेमणुकीच्या कागदाचा जो मसुदा पाठवलास, तो वाचल्यावर रंगाबद्दल बोलायची माझी इच्छाच गेली. कलम 7 : ‘गणवेशाच्या दोन जोडांचे रु. 1,800 पहिल्या दोन पगारांतून वळते करून घेतले जातील. काळी पँट व काळे बूट कर्मचाऱ्याने स्वतः आणावेत.’ हे तू लिहिलंस, की त्या हिशेबनिसाने दुसऱ्या कुणाच्या कागदावरून उतरवून दिलं? तुझ्या दुकानाचा हा कागद, यावर विश्वास बसेना, म्हणून दोनदा वाचला.

आता तू म्हणशील, मामा लागला कायदा सांगायला. सांगतोच. पगारातून काय कापावं आणि काय कापू नये हे सरकारने ठरवायची वेळ आली ती तुझ्या-माझ्या गिरणगावासारख्या ठिकाणांमुळेच. साचेखात्यात विणकराच्या हातून कापड बिघडलं की तेच कापड त्याच्या गळ्यात मारायचं आणि किंमत पगारातून वळती करायची, अशी मुंबईच्या गिरण्यांत रीत होती. व्हिटलीच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात असल्या दंडांना आणि कपातींना लगाम घालायला सांगितलं, आणि 1936 साली वेतन प्रदानाचा कायदा झाला. त्याची मांडणी बघ. मालकाने काय कापू नये याची यादी तिथे नव्हती. काय कापता येईल याची होती, आणि त्याबाहेरचं सगळं बंद. गैरहजेरी, आगाऊ उचल, राहायची खोली, भविष्य निर्वाह निधी वगैरे. त्या यादीत गणवेशाचं नाव नव्हतं. मालकाने पुरवलेल्या ‘सेवां’चे पैसे सरकारच्या परवानगीने कापता येत होते खरे, पण कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल ही ‘सेवा’ धरायची नाही, असा खुलासा कायद्यानेच जोडला होता. म्हणजे सुताराला पटाशी देऊन तिचे पैसे कापता येत नव्हते. ‘हा गिरण्यांचा कायदा, माझं कापडाचं दुकान’ असं म्हणून सुटू नकोस. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही अशीच यादी आहे, दुकानंही तिच्यात येतात, आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

प्रश्न एवढाच उरतो, की शर्ट हे हत्यार आहे का. माझ्या मते आहे, आणि हा माझा जुना हट्ट तुला ठाऊक आहे. 1948 च्या कारखाने कायद्याचं 22 वं कलम चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं सांगत होतं, आणि तिथेच कंसात म्हणत होतं की ते मालकाने पुरवायचे. तिथे जिवाचा प्रश्न आहे, तुझ्या दुकानात नाही, मान्य. मग तुला शर्ट हवा कशाला? गिऱ्हाइकाला पोरगा चटकन ओळखू यावा आणि छातीवर दुकानाचं नाव दिसावं म्हणून. म्हणजे ती तुझी पाटीच झाली. दारावरच्या झगमगत्या पाटीचे पैसे तू पोरांकडून मागितले नाहीस. मग ही अंगावरची पाटी त्यांनी का विकत घ्यावी? बारा पोरांचे होतात 21,600. दिव्यांवर किती घातलेस ते ताईने मला फोनवर सांगितलं आहे, इथे लिहीत नाही.

तुझा पहिला आक्षेप मला इथूनच ऐकू येतो : टॅक्सीवाला आपली खाकी आपणच शिवतो, डबेवाला टोपी आपणच घेतो. डबेवाल्याचं उदाहरण तर तुझ्यावरच उलटतं. टोपी डोक्यावर नसेल तर त्यांच्यात दंड होतो, पण तो नियम त्यांनी स्वतःवर घातलेला. ते धंद्यातले भागीदार आहेत, कुणाचे नोकर नाहीत. तुझ्या पोरांना भागीदार करणार असशील तर खुशाल टोप्याही विकत घ्यायला लाव. टॅक्सीत परमिटवाल्याचा पांढरा आणि नुसत्या बिल्लेवाल्याचा खाकी, हा हुकूम सरकारचा, शेठचा नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने शिक्षकांना पेहराव ठरवून दिला. जीन्स आणि टी-शर्ट नको, पुरुषांनी फिका शर्ट, गडद पँट, शर्ट खोचलेला. ते कपडे शिक्षकच आपल्या पैशाने घेतात. मग काळी पँट पोरांनी आणली तर बिघडलं काय? फरक असा की फिका शर्ट घालून शिक्षक लग्नाला जाऊ शकतो. तुझं नाव छापलेला शर्ट घालून लालबागच्या दर्शनाच्या रांगेत कोण उभं राहील? पँटचं मात्र तसं नाही, ती कुठेही चालते. इथे मीही जरा अडलो. पण इंग्लंडात नेमकं यावरच झालं आहे. तिथल्या सरकारने मार्च 2018 मध्ये किमान वेतन न देणाऱ्या मालकांची नावं जाहीर केली, त्यात वागामामा ही उपाहारगृहांची साखळी होती. वरचा कपडा कंपनीचा, खाली काळी जीन्स किंवा काळा स्कर्ट नोकरांनी आपला आणायचा. तो खर्च वजा जाता हातात उरलेली मजुरी किमान वेतनाच्या खाली गेली, आणि 2,630 जणांचे 1,33,212 पौंड भरून द्यावे लागले. नियम समजण्यात चूक झाली, असं कंपनी म्हणाली. तूही किमान वेतनाच्या काठावरच पगार देतो आहेस. काळ्या पँटचा रंग तूच ठरवलास, तर तिची किंमतही त्या हिशेबात धर.

राहिला पोरं महिन्यात पळतात आणि शर्ट घेऊन जातात हा मुद्दा. जाताना परत माग. नाही दिला तर तुझं नाव छापलेला तो शर्ट त्याला घरात घालण्यापलीकडे कसला उपयोगाचा? तेवढी खोट कापडवाल्याने सोसावी. आणि एक गंमत बघ. केंद्र सरकारने 1 जुलै 2017 पासून शिलाई-धुलाईचे सुटे भत्ते मोडून एकच पोशाख भत्ता केला, तेव्हा परिचारिकेला महिन्याला 1,800 ठरले, आणि रेल्वेच्या ट्रॅकमनला वर्षाला 5,000. ते 1,800 म्हणजे नेमका तुझाच आकडा, पण देणाऱ्याच्या बाजूने. धुण्याचं तर तुझ्या कागदात नावच नाही. दोन शर्टांवर सहा दिवस, म्हणजे दिवसाआड रात्री धुवायचा आणि पावसाळ्यात ओलाच चढवायचा. कापड तरी सुती मिश्रणाचं घे. मे महिन्यात दादरला पॉलिस्टर घालून उभं राहायला लावशील तर गिऱ्हाईक वासानेच पळेल.

मला काळजी वेगळीच आहे. लालबाग-परळच्या खोल्यांतून येणाऱ्या या पोरांचा पहिला पगार हातात यायच्या आधीच वाटला गेलेला असतो. घरी किती, पासाला किती. त्यातून 900 कापलेस तर पोरगा तुला काही बोलणार नाही. बूट मात्र तो कुणाचे तरी मागून आणेल, एक नंबर लहान, आणि दिवसभर तुझ्या काउंटरमागे उभा राहील. कागद छापायला गेला असेल तर छापखान्याला आजच फोन कर. दसऱ्याच्या आधी शिंपी हाती लागत नाहीत, तेव्हा मापं याच आठवड्यात घे, आणि प्रत्येकाच्या बुटाचा नंबर त्यापुढेच लिहून ठेव.

ताईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
मामा