चांदा-गडचिरोलीची सडक आणि सायकलस्वार

चांद्याचा गोंडकालीन परकोट मागें टाकून मूलची सडक धरली, कीं कोळशाच्या खाणींची काजळी लवकरच विसरावयास होते. लोहारा-चिचपल्लीकडे दुतर्फा साग आणि बांबू. मूल ओलांडल्यावर धानाच्या बांध्या व जुने मालगुजारी तलाव. पुढें सावली, व्याहाड, आणि मग वैनगंगेचा पूल. पलीकडे गडचिरोली. सारा पल्ला सुमारें ८० किलोमीटरांचा. सरकारी दप्तरांत चंद्रपूर म्हणतात. आम्हां जुन्यांच्या तोंडीं मात्र चांदाच राहिला आहे.

या सडकेवर शाळेच्या वेळीं मुलींच्या सायकलींची रांग लागते. आमचे वडील जिला पायगाडी म्हणत, तीच ही. मानव विकास कार्यक्रमांतून ८ वी ते १२ वीच्या गरजू मुलींस ती मिळते. जंगलाचा पट्टा आला कीं चौघी-पांचजणी मिळून जातात. कारण वाघाचें भय येथें गोष्टींतलें नाहीं.

गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. योगायोग असा, कीं त्याच महिन्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे चार सायकलस्वार निघाले, व त्यांतून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जन्मास आली. अंतर सुमारें ४,८०० किलोमीटर. वाटेंत वाळवंटही आहे आणि रॉकी पर्वतही. एकट्या स्वारास साधारणतः १२ दिवसांची मुदत. घड्याळ रात्रींही थांबत नाहीं, म्हणून झोप घ्यावयाची ती त्याच मुदतींतून चोरून. चांद्यापासून दीडशे किलोमीटरांवरील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं ती एकट्यानें पुरी केली, ११ दिवस व सुमारें २१ तासांत. मुदत संपावयास तीन तासही उरले नव्हते! त्याच वर्षीं सैन्यांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ कांहीं तास आधीं पोंचले होते. पुढें २०१८ सालीं समर्थांनीं मॉस्को ते व्लादिवोस्तोक हें ९,००० किलोमीटरांहून अधिक अंतर १५ टप्प्यांत कापलें.

स्वार एकटा म्हणावयाचा. परंतु त्याच्या मागें मोटार असते. तींत अन्न देणारे, वाट सांगणारे, झोपेंतून उठविणारे असतात. त्या मंडळींचा खर्च मोठा, आणि या शर्यतीस रोख बक्षीस नाहीं. तेव्हां घरांतील नातवानें ‘मी सायकलीवरच पोट भरीन’ असें म्हटलें, तर वडीलधाऱ्यांनीं काय सांगावें? युरोपांत धंदेवाईक स्वारांस संघाकडून वेतन मिळतें. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ पासून चालत आली आहे. आपल्याकडे रेल्वेची वा सैन्याची नोकरी हाच बहुधा त्याचा आधार. समर्थ आधीं डॉक्टर झाले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पण ‘आधीं पदवी घे’ असें सांगतांना सायकल माळ्यावर टाकावी, हें मला मुळींच मान्य नाहीं. तें वय पुन्हां येत नाहीं. आणि नातवाबद्दल जो विचार करावयाचा, तो नातीबद्दल कां करूं नये? या सडकेवर रोज पाय मारणाऱ्या मुलींत दमाची वाण नाहीं. त्यांस शर्यत म्हणजे काय, हें सांगणारा मात्र क्वचितच भेटतो.

ज्यांस हा रस्ता सायकलीनें पाहावयाचा असेल, त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत यावें. वैशाखांत येथें पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. पहांटेच्या अंधारांत किंवा सूर्यास्तानंतर चिचपल्लीचें जंगल ओलांडूं नये. गडचिरोलीस मुक्काम करून दुसरे दिवशीं चामोर्शीमार्गें मार्कंड्यास जावें. तेथें वैनगंगा उत्तरवाहिनी असून तीरावर जुन्या दगडी देवळांचा समूह आहे.