अरबी भूक, अमेरिकी तहान

शनिवारची रात्र. लॅपटॉप मिटलाय, पोटात कावळे कोकलतायत. अशा वेळी छत्रपती संभाजीनगरात (बऱ्याच जणांच्या तोंडी अजून औरंगाबादच!) गाडी सरळ जुन्या शहराकडे वळवायची. एका मोठ्या थाळ्याभोवती पाच-सहा दोस्त मांडी घालून बसतात. मधोमध वाफाळता भात, त्यावर मटण. हीच ती मंदी! शेअर बाजारातली नव्हे, येमेनमधल्या हद्रमौतची. सोबतीला थंडगार अमेरिकी कोला. म्हणजे भूक अरबी, तहान अमेरिकी!

हे नवीन फॅड वाटतंय? थांबा बॉस. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणारा मलिक अंबर हा हबशी. दख्खनला पोचण्याआधी तो गुलाम म्हणून बगदादमध्ये विकला गेला होता. मराठवाड्यात तुमच्या वर्गात एखादा चाऊस असेलच. त्यांचे पूर्वज हद्रमौतहून निजामाच्या फौजेत पगारासाठी आले. पुढे १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि वाट उलटी झाली. आता पगारासाठी इथली पोरं आखातात जाऊ लागली. येताना अत्तर, खजूर आणि नव्या चवी घेऊन आली.

अरबस्तान असा माणसांबरोबर आला. अमेरिकेचा फंडा वेगळा, तिने ब्रँड पाठवले. २०१० मध्ये चिकलठाण्यात प्रोझोन मॉल उघडला आणि बर्गर, जीन्स, मल्टिप्लेक्स एकाच छताखाली आले.

पण हे दोघे एकमेकांचे शत्रू वगैरे समजू नका. आखातात स्टारबक्सची कॉफी विकते कुवेतची अलशाया, आपल्याकडे टाटा. २००४ चा 'मर्डर' आठवा. गोष्ट हॉलिवूडच्या 'अनफेथफुल'वरून, तर 'कहो ना कहो'ची चाल इजिप्तच्या अम्र दियाबच्या 'तमल्ली मआक'ची. बाजाराला फक्त एवढंच कळतं, काय खपतं!

आणि खरी गोची इथेच आहे. आपल्या शहराचा स्वतःचा पदार्थ म्हणजे नान खलिया. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्करासाठी तो शिजला, असं सांगतात. त्याला ना लोगो, ना फ्रँचायझी, ना रीलवर चीज ओढायची सोय. भट्टीवरचा कारागीर आणि रोजचं गिऱ्हाईक, एवढ्यावरच तो टिकलाय. आपणच गेलो नाही, तर त्या कारागिराचा मुलगा शोरमाच कापायला शिकेल. त्याचं काय चुकलं?

तेव्हा मंदी खा, कोला प्या, दुबई चॉकलेटचा फोटोही टाका. फक्त महिन्यातला एक शनिवार नान खलियासाठी राखून ठेवा. आणि हो, लवकर जा. खलिया संपला की संपला, त्याची होम डिलिव्हरी उद्यावर ढकलता येत नाही!