हाफ क्लच

आमच्या घरी इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आणि इंजिन असलेली एक जुनी गाडी आहे. दोघांचाही आवाज मोठा, दोघंही सकाळी लवकर सुरू होत नाहीत आणि दोघांचाही खर्च मीच करतो. गाडी २००४ सालची मारुती ८००. नवी गाडी आल्यापासून ती कडुनिंबाखाली उभी होती. चिमण्यांनी तिचा ताबा घेतला होता आणि माझी त्याला हरकत नव्हती. पण एका रविवारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण हिची ट्रॅक कार करू."

वाशिमात ट्रॅक म्हटला की मला दोनच आठवतात. एक अकोला-पूर्णा रेल्वेचा आणि दुसरा शंकरपटाचा. चिरंजीवांनी मला ऑटोक्रॉस समजावून सांगितलं. मोकळ्या मैदानात मातीचा वळणावळणाचा रस्ता आखायचा, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ बघायचं.

"म्हणजे शंकरपटच की!" मी म्हणालो. "फक्त बैल बॉनेटखाली."

"बैल नाही बाबा, घोडे. सदतीस."

मी बी.कॉम. माणूस. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि घोडे सदतीस. या जमाखर्चावर शर्यत कशी जिंकणार? तेव्हा त्याने पुरावा काढला. दक्षिणेत करिवर्धन नावाच्या गृहस्थांनी याच मारुतीचं इंजिन घालून एका माणसापुरती स्वस्त शर्यतीची गाडी बनवली होती. असल्या गाड्यांच्या शर्यतींतून पुढे आलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. पुरावा बिनतोड होता. मी मंजुरी दिली. चिमण्यांना नोटीस गेली.

अडचण क्लचची होती. टॉप गिअरमध्ये हळू चालवत एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं आणि गाडी होती त्याच चालीने चालायची. सरकारी योजनेसारखंच, आवाज वर आणि काम जागच्या जागी. याला क्लच घसरणे म्हणतात. चिरंजीवांनी उपाय निवडूनच ठेवला होता : सिरॅमिक बटणांची प्लेट आणि वर भारी प्रेशर प्लेट. तिची किंमत ऐकून सौ.ने तेवढ्यात पूर्ण गाडी भंगारात कितीला जाईल ते विचारलं. मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "का?" मी म्हणालो, "नाही म्हणजे नाही."

तो शांतपणे म्हणाला, "तुमचं असंच असतं बाबा. एकदम सोडता नाहीतर एकदम पकडता. मधलं काही नसतंच." आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या आठ दिवसांत मी क्लचचा अभ्यास केला. एका बाजूला फिरणारं इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स आणि चाकं, मध्ये एक चकती. चकती किती जोर पेलेल, हा साधा गुणाकार आहे : वरचा दाब, पृष्ठभागाचं घर्षण आणि चकतीची सरासरी त्रिज्या. दोन्ही बाजू धरतात म्हणून दुप्पट. वाचता वाचता लक्षात आलं की ही तर माझीच नोकरी! २०२४च्या वेतनकरारात आम्हा कारकुनांचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं, पण जागा तीच. वर साहेबांचं टार्गेट गरगर फिरतंय, खाली निराधार योजनेच्या पैशांसाठी म्हातारी रांगेत उभी आहे आणि मध्ये मी. वरचा जोर जसाच्या तसा म्हातारीवर सोडला तर म्हातारी आडवी होईल. मी थोडा घसरतो म्हणून शाखा चालते. चोवीस तास घसरलो तर मात्र जळकट वास येईल.

नवव्या दिवशी आम्ही दोघं पुसद नाक्याकडच्या मिस्त्रीकडे गेलो. तोंडं दोन दिशांना.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "साहेब, बटनवाली प्लेट ट्रॅक्टरले लागते. त्याले नांगर ओढाचा असते. तुमच्या गाडीले काय ओढाचं हाये? तुमालेच ना!"

चिरंजीव म्हणाले, "पण ती घसरत नाही. तापली तरी टिकते."

"टिकते ना. पण धरते तं खटकन् धरते. मंग झटका जाईन कुठं? गिअरबॉक्समंधी, नाही तं अ‍ॅक्सलमंधी. झटका कुठंतरी जिरला पाह्यजे ना बावा!"

मला माझे आजोबा आठवले. जुवाचं जोतं ते मुद्दाम बेताचंच ठेवत. जोतं तुटलं तर आठ आण्यांत नवं मिळतं, बैलाची मान मिळत नाही, असं म्हणत. मी हे सांगितलं. चिरंजीव बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसले.

शेवटी तडजोड झाली. साधीच प्लेट, पण नवी, मधोमध झटका जिरवणाऱ्या स्प्रिंगांची. प्रेशर प्लेट थोडीच कडक, कारण पेडल फार जड झालं तर केबल रडते. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सीलही बदलायचं, म्हणजे मजुरी एकदाच. शेवटचा मुद्दा माझा. सील उतरवल्यावर कळलं की तेल तिथूनच प्लेटवर झिरपत होतं. सिरॅमिकचा खर्च करून तेल तसंच राहिलं असतं तर? वाणिज्य शाखेचा हा विजय मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. सौ. म्हणते, दिसला.

मिस्त्रीने बजावलं, "पाचशे किलोमीटर हळू चालवजा. प्लेट बसू द्या. अन् हायवेचे किलोमीटर धराचे नाहीत. तिथं क्लच दाबनंच होत नाही. गावातले पाह्यजेत."

आता चिरंजीव रोज मला त्या गाडीतून बँकेत सोडतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. क्लच अलगद सोडतात. पाटणी चौकाच्या गर्दीत थोडं बोलणंही होतं : कॉलेज, पैसे, आणि परवा तर एका मुलीचं नावदेखील आलं. मी एकदम पकडलं नाही. 'हं' म्हणून अर्धा पाय दाबून धरला. गाडी बंद पडली नाही.

घर ते बँक जाऊन-येऊन सहा किलोमीटर, रोज दोन खेपा. पाचशे व्हायला बेचाळीस दिवस लागतात, सुट्ट्या वेगळ्या. हा हिशेब मी चिरंजीवांना अजून करून दाखवलेला नाही.