दक्षिणेला गेलेला पंप

एम.एस. करून नुकताच अमेरिकेत नोकरीला लागलो होतो. एका सकाळी बॉस म्हणाला, “पंप साऊथला गेला.” मी आपला दक्षिणेकडच्या शेडमध्ये जाऊन शोधतोय! पंप जागेवरच होता, त्याने फक्त मान टाकली होती. सगळे पोट धरून हसले. मला मात्र आईचं बोलणं आठवलं: “दक्षिणेकडे पाय करून झोपू नको रे, ती यमाची दिशा.” अर्थ डोक्यात पक्का बसला.

मग नादच लागला. ‘हेवायर’ म्हणजे गवताचे भारे बांधायची तार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या लाकूडतोडीच्या तळांवर मोडकी अवजारं तिनेच कशीबशी बांधत. म्हणून बिघडलेलं ते ‘हेवायर’. आपल्याकडे बोऱ्या वाजतो, नाहीतर बारा वाजतात. यांचं काम दक्षिणेला जातं, आपली होते काशी!

परवा लेक शाळेतून आली. फोनवर मैत्रिणीला म्हणाली, “आय बॉम्ब्ड इट.” मग माझ्यापाशी येऊन हळूच, “बाबा, गणिताच्या पेपरची काशी झाली.” शब्द माझ्याच तोंडून उचललेला. रागवायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. म्हटलं, “आण इकडे पेपर, बघू या कुठे अडलं ते.”