पुस्तकात आहे म्हणून?

आमच्या वस्तीतील विहारात रविवारी वंदना झाली की आम्ही तिघे मित्र मुलामुलींना संगणकाची 'सी' भाषा शिकवितो. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती घडविली. आम्ही कॉलेजात ज्या जुन्या पुस्तकावरून शिकलो, तेच पुस्तक आम्ही पुढे चालविले. त्यात नाव वाचून घेण्यासाठी 'गेट्स' हे फंक्शन होते.

एका मुलीने निकालपत्रकाचा प्रोग्रॅम लिहिला. नावासाठी २० अक्षरांची जागा, तिला लागूनच गुणांची. तिने आधी गुण भरले, मग इंग्रजीत स्वतःचे, वडिलांचे नाव आणि आडनाव. नाव पूर्ण उमटले, पण गुणांच्या जागी भलताच आकडा!

"दादा, माझं काय चुकलं?"

आम्ही म्हणालो, "नाव जरा छोटं कर."

घरी जाताना आमच्याच उत्तराची आम्हाला लाज वाटली. वडिलांचे नाव अभिमानाने लिहिणाऱ्या लेकीला आम्ही हे काय सांगितले? चूक तिची नव्हतीच. 'गेट्स'ला जागेचे माप सांगण्याची सोयच नाही. रांजण भरला तरी पाणी ओतत राहावे, तसा जास्तीचा मजकूर ते शेजारच्या जागेत सांडते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील संगणकांत पसरलेल्या 'मॉरिस वर्म'ची एक वाट हीच होती. ५१२ बाइटांच्या जागेत त्याने जास्त मजकूर घुसविला. अखेर २०११ साली 'सी'च्या अधिकृत प्रमाणातून 'गेट्स' काढून टाकले गेले. जुनी पुस्तके मात्र हातोहाती फिरतच राहिली.

पुढच्या रविवारी आम्ही मुलांसमोर चूक कबूल केली आणि 'एफगेट्स' शिकविले. त्याला माप द्यावे लागते. तेवढेच ते घेते.

"मग लांब नाव तुटेल ना?" एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून नावाची जागाही १०० अक्षरांची केली.

ग्रंथात आहे, परंपरेने आले, गुरूने सांगितले, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विहारात आम्ही हे किती वेळा ऐकले! संगणकापुढे बसताच विसरलो. पालकांनो, मुलांनी पुस्तकाला प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नका.

त्या मुलीचे पूर्ण नाव आता पडद्यावर येते, आणि गुणही जागेवर राहतात.