गोदीच्या गच्चीवरची माती

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात गोदी कामगारांसाठी रोज मोठाले टोप चढत. भाज्यांची देठे, फळांच्या साली, उरलेसुरले अन्न असा ओला कचराही रोजचाच. त्याचे करायचे काय, या विचारातून २००२ च्या सुमारास खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग करायला घेतली. जागा सुमारे तीन हजार चौरस फुटांची. चहूकडे क्रेन, गोदामे आणि खारा वारा. दुपारी पाय ठेववणार नाही अशा तापलेल्या त्या गच्चीवर काही वर्षांत पालेभाज्या, वेल आणि फळझाडे उभी राहिली.

गच्चीला मातीचा भार फार सोसत नाही, म्हणून अशा बागेत माती विकत आणायची नसते, तयार करायची असते. त्याची वाट दाखवली ती गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ आणि दहा लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस अधूनमधून ढवळायचे. मग त्यात दहापट पाणी घालून वाळलेला पालापाचोळा दिवस-रात्र भिजत ठेवायचा. भिजलेल्या पाल्याचे आणि थोड्या मातीचे थर देऊन ढीग रचायचा. तो ओलसर ठेवायचा, वरचेवर उलथायचा. पाला कुजत आला की त्यावर नाना प्रकारचे बी विस्कटायचे. रोपे वाढतील तशी एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी थोडी थोडी कापून त्याच ढिगात मिसळायची. अखेर हाती येते ती काळी, भुसभुशीत माती. मूठ वळली तर वळते, बोट लावले की सुटते. तिच्यात गांडुळे आपसूक येतात आणि त्यांच्यामागे पाखरे.

या बागेचे खरे पीक ही मातीच. भाजी थोडी, पण ती पिकवताना स्वयंपाकी, मदतनीस, अधिकारी एका वाफ्याभोवती येतात आणि ज्याला त्याला आपल्या हातचा कचरा कुठे जातो हे दिसू लागते. पुढे ‘अर्बन लीव्हज’ या गटातून साध्या नागरिकांनी हे काम शिकून घेतले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही अशी सामूहिक शेती उभी राहिली. झाडांनी झाकलेली गच्ची खालच्या खोल्यांना उन्हाचा ताव लागू देत नाही, हा फायदाही मोठा आहे.

देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आले आहे. तिथे जाणारी प्रत्येक पालापाचोळ्याची गोणी म्हणजे वाया गेलेली माती. प्रत्येक सोसायटीला बाग जमेलच असे नाही. पण आपल्या आवारातला पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा फाटकाबाहेर न जाऊ देणे कोणालाही जमण्यासारखे आहे. या पावसाळ्यानंतर पाने गळू लागतील, तेव्हा तेवढे तरी करावे.